पीट संपले, तरी गाव कसे टिकले? हेलेनाव्हेनच्या इतिहासाविषयी काही प्रश्न

नकाशावेडा

नमस्कार. नेदरलँड्सच्या दक्षिण भागाचा नकाशा पाहताना उत्तर ब्राबांत आणि लिमबर्ग या प्रांतांच्या सीमेलगत हेलेनाव्हेन नावाचे एक लहान गाव दिसले आणि त्याच्या आकारामुळेच मी तिथे थांबलो. आसपासची जुनी गावे चर्चभोवती दाटीवाटीने वसलेली आहेत आणि त्यांचे रस्ते शेतांच्या बांधांप्रमाणे वळणे घेत गेलेले आहेत. हे गाव मात्र एका सरळ कालव्याच्या काठाने, जणू पट्टी लावून आखावे तसे लांबच लांब पसरले आहे, आणि कालव्याला काटकोनात फुटलेल्या चाऱ्यांच्या खुणा आजही शेतांमधून ओळखता येतात.

थोडे वाचल्यावर एवढे कळले की यान व्हान द ग्रींट नावाच्या उद्योजकाने १८५३ साली पीट, म्हणजे दलदलीत साचलेला, वाळवून जळण म्हणून वापरता येणारा अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणण्यासाठी हे गाव वसवले आणि आपली पत्नी हेलेना पानिस हिचे नाव त्याला दिले. ‘व्हेन’ म्हणजे पिटाची दलदल. म्हणजे गावाच्या नावाचा अर्थ ‘हेलेनाची दलदल’ असा होतो. माझे खरे प्रश्न यापुढचे आहेत.

डच लोक तर कित्येक शतके पीट जाळत आले होते, मग इथली दलदल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिल्लक कशी राहिली? दुसरे असे की, पीट हा संपणारा साठा आहे. जे गाव आपल्या पायाखालची जमीनच खणून विकण्यासाठी वसले, ते जमीन विकून झाल्यावर उठून जायला हवे होते. खाणीवर जगणारी अनेक गावे अशी ओस पडली आहेत. हे का पडले नाही? आणि शेवटचे म्हणजे, तिथे राहायला आले कोण? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा तो भाग प्रत्यक्ष पाहिला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कालवाकाठ

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे आइंडहोव्हन येथे होतो आणि त्या काळात हेलेनाव्हेनच्या कालव्याच्या काठाने सायकलवरून अनेकदा गेलो आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते ‘पाणी’ असे आहे, पण ते दोन परस्परविरोधी अर्थांनी खरे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ब्राबांत आणि लिमबर्ग यांच्यामधल्या या दलदलीच्या पट्ट्याला ‘पेल’ म्हणतात. हे उंचवट्यावरचे पीट आहे. पावसाच्या पाण्यावर वाढणारे स्फॅग्नम नावाचे शेवाळ वरून वाढत राहते आणि खालून मरते. पाण्याने भरलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या थरात ते पुरते कुजत नाही, आणि अशा रीतीने साधारण हजार वर्षांत एक मीटर जाडीचा थर साचतो. शेवाळ स्पंजासारखे पाणी धरून ठेवत असल्यामुळे ही दलदल आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच फुगत जाते. जिवंत पिटाच्या वजनाचा सुमारे नऊ-दशांश भाग निव्वळ पाणी असतो. त्यामुळे तिच्या गाभ्यात माणसाला चालणे अवघड, बैलगाडी तर मुळीच जाऊ शकत नाही. शतकानुशतके पेल ही दोन मुलखांमधली ओलांडायला अवघड अशी सीमाच होती. काठावरच्या गावांचे शेतकरी आपापल्या बाजूने खड्डे करून चुलीपुरते पीट काढत, पण त्याने दलदलीचे केवळ कडेचे लचके तुटले, तिचा गाभा तसाच राहिला.

म्हणजे पिटात पाणी फार होते, आणि पीट वाहून नेणारे पाणी मुळीच नव्हते. वाळवलेल्या पिटाची वीट, जिला डच लोक ‘तुर्फ’ म्हणतात, हलकी पण आकाराने मोठी असते. त्याच वजनाच्या दगडी कोळशापेक्षा ती बरीच कमी उष्णता देते. असा माल गाडीवरून दूर नेणे परवडत नाही, तो नावेतूनच जायला हवा. देशाच्या पश्चिमेकडील हॉलंड आणि उत्रेख्त भागातले पीट लवकर खणले गेले, ते त्याच्याजवळ नद्या, कालवे आणि मोठी शहरे होती म्हणून. तिथे तर सोळाव्या शतकापासून पाण्याखालचे पीटदेखील लांब काठीच्या जाळीने उपसून काढत असत, आणि त्यातून आजची अनेक सरोवरे तयार झाली. पेलजवळ असे काहीच नव्हते.

हा पेच सुटण्याची सुरुवात ज्या कामातून झाली, त्याचा पिटाशी काही संबंध नव्हता. ऱ्हाइन, म्यूज आणि शेल्ट या नद्यांना जोडणारा एक मोठा कालवा नेपोलियनच्या आदेशावरून १८०८ मध्ये खणायला घेतला गेला. हॉलंडची बंदरे टाळून माल थेट अँटवर्पला न्यावा, असा त्यामागचा हेतू होता. १८१० साली हॉलंडच फ्रेंच साम्राज्यात सामील केले गेले, त्यामुळे हेतूच उरला नाही आणि काम अर्धवट पडले. त्याचा एक तुकडा म्हणजे नोर्दरव्हार्ट, जो पेलच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला होता. पुढे १८२६ साली मास्ट्रिख्त ते डेन बॉश हा झाउद-विल्लेम्सव्हार्ट कालवा पूर्ण झाला आणि नोर्दरव्हार्टला बाजारपेठेकडे जाणारा मार्ग मिळाला.

व्हान द ग्रींट हे डेन बॉशचे. १८५३ मध्ये त्यांनी ड्यूर्ने या जवळच्या गावाच्या पालिकेकडून ६०० हेक्टरांहून थोडी अधिक पिटाची जमीन घेतली आणि नोर्दरव्हार्टपासून उत्तरेकडे, थेट दलदलीच्या पोटात, स्वतःचा कालवा खणायला सुरुवात केली. तोच हेलेनाव्हार्ट. त्याने दोन कामे एकदम साधली: दलदलीतले पाणी त्यातून बाहेर गेले आणि वाळलेले पीट त्यातूनच नावांनी बाहेर पडले. तुम्हाला नकाशावर दिसलेली सरळ रेघ म्हणजे हा कालवा, आणि काटकोनातल्या रेघा म्हणजे प्रत्यक्ष खणतीच्या जागेपर्यंत नाव नेणाऱ्या चाऱ्या. घरे कालव्याच्या काठाने बांधली गेली, कारण सुरुवातीला कोरडी जमीन तेवढीच होती. गाव आधी आणि कालवा नंतर असे इथे झालेले नाही, म्हणून गावाला मध्यच नाही. आहे तो कणा. सायकलवरून जाताना हे फार जाणवते. गावात शिरल्याची जाणीव होत नाही, फक्त कालव्याकाठची घरे हळूहळू दाट होत जातात.

वसुधा

कालवाकाठ यांनी कालव्याचे महत्त्व छान उलगडले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे गाव ओस का पडले नाही याचे उत्तर शोधताना मात्र देशाच्या उत्तरेकडे जावे लागेल, कारण व्हान द ग्रींट यांनी पेलमध्ये आणलेली पद्धत ही तिकडे अडीचशे वर्षांपासून चालत आलेली होती.

ग्रोनिंगन प्रांतात पेकेला हे गाव १५९९ च्या सुमारास फेइको आल्बर्ट्स क्लोक यांच्या पुढाकाराने वसले, द्रेंथमध्ये होखेव्हेन १६२५ मध्ये रुलोफ व्हान एख्तन यांनी सुरू केले, आणि सतराव्या शतकातच व्हेनदाम उभे राहिले. या वसाहतींचा भांडवलदार बहुधा भागीदारांची कंपनी असे. ग्रोनिंगनच्या परिसरात मात्र खुद्द ग्रोनिंगन शहरच सर्वांत मोठे जमीनमालक बनले. त्या शहराने पीट खणणाऱ्यांवर घातलेल्या अटी मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत दूरदर्शी गोष्ट वाटतात.

पिटाच्या अगदी वरचा, मुळांनी भरलेला, सैल थर जाळायला निकामी असतो. तो फेकून न देता बाजूला काढून ठेवावा आणि खालचे पीट काढून झाल्यावर उघड्या पडलेल्या वाळूवर पुन्हा पसरावा, अशी सक्ती होती. हा थर वाळूत मिसळला की नांगरता येईल अशी जमीन तयार होते, पण ती अतिशय भुकेली असते. तिला खत हवे. ते खत शहराकडे होते. पीट घेऊन शहरात गेलेल्या नावा परत येताना शहराचे सोनखत आणि केरकचरा भरून आणत, आणि या खताची खरेदी नव्या शेतांसाठी ठरवून दिलेली असे. शहराची चूल, शहराची स्वच्छता आणि दूरच्या दलदलीतली नवी शेती हे तिन्ही एकाच नावेच्या जाण्या-येण्यावर चालत होते. शिवाय जमीन कसणाऱ्याला ती ठरावीक वार्षिक खंडाने आणि वारसाहक्काने मिळे, त्यामुळे मेहनतीचे फळ आपल्याच घरात राहील, याची त्याला शाश्वती असे.

म्हणून तिथे पीट संपणे हा शेवट ठरला नाही. खणून झालेल्या प्रत्येक पट्ट्यावर शेत उभे राहिले आणि कालवा तसाच राहिला. फक्त त्यातून जाणारा माल बदलला. एकोणिसाव्या शतकात बटाटा आला, १८४० च्या दशकात विल्लेम आल्बर्ट स्खोल्टन यांनी फॉक्सहोल येथे बटाट्याच्या स्टार्चचा कारखाना काढला, पुढे गव्हाच्या काडापासून पुठ्ठा करणारे कारखाने आले, आणि १९१९ मध्ये शेतकऱ्यांची आवेबे ही सहकारी स्टार्च संस्था स्थापन झाली.

हेलेनाव्हेनमध्येही काम संपलेल्या जमिनीवर शेती आणि बागायती उभी करण्याचा प्रयत्न सुरुवातीपासून होता. गाव टिकण्याचे मूळ कारण मला हेच वाटते. खाणीचे गाव उठते, कारण खाण मागे खड्डा ठेवते. इथे मागे शेत ठेवले गेले.

रानवाट

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु एका गोष्टीवर मला आक्षेप नोंदवावासा वाटतो. ‘गाव वसवले’, ‘दलदल शिल्लक राहिली’ अशी भाषा वापरली की तिथे आधी काहीच नव्हते, असा समज होतो. पेल ओसाड नव्हती. ती भोवतालच्या गावांचे गायरान होती. मेंढ्या चारणे, गोठ्यात अंथरण्यासाठी झुडपांसह मातीचे पापुद्रे काढणे, वरचा थर जाळून त्या राखेत कुट्टू पेरणे, मधमाश्यांच्या पेट्या ठेवणे आणि चुलीसाठी पीट काढणे या सर्वांवर गरीब शेतकऱ्याचा संसार उभा होता. गोठ्यातले अंथरूण शेणात मिसळून त्याचेच खत त्याच्या रेताड शेताला मिळत असे. पालिकेने ही जमीन उद्योजकाला दिली, तेव्हा पालिकेच्या तिजोरीत पैसा आला हे खरे, पण ज्यांची गुरे आणि चूल त्या जमिनीवर अवलंबून होती, त्यांच्या हातून ती गेली हेही तितकेच खरे. गावाच्या जन्मकथेत या लोकांचा उल्लेख व्हायला हवा.

वसुधा

रानवाट यांचा आक्षेप मला मान्य आहे. ‘ओसाड’ हा शब्द बहुतेक वेळा तिथे न राहणाऱ्यानेच वापरलेला असतो. त्याला एक जोड देते: पीट विकून किती पैसा मिळतो हे पाहिल्यावर खुद्द ड्यूर्ने पालिकाही या व्यवसायात उतरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने स्वतःचा कालवा खणून घेतला. आजही काही अंतर हे दोन कालवे एकमेकांना समांतर, जवळजवळ खेटून वाहतात. गायरान गेले ते गेलेच, पण त्याचे मोल काय होते, हे पालिकेला उमगल्याची ही खूण म्हणता येईल.

नकाशावेडा

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. दोन समांतर कालवे मला नकाशावर दिसले होते आणि ती नकाशाचीच चूक असावी असे मी समजलो होतो.

एक नवी शंका उपस्थित झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेमुळे दगडी कोळसा सर्वत्र पोहोचू लागला. मग जळण म्हणून पिटाचा भाव घसरत असतानाच, त्याच व्हान द ग्रींट कुटुंबाने १८८५ मध्ये जवळच ग्रींट्सव्हेन नावाचे दुसरे पीट-गाव का वसवले? हे उलट्या दिशेने चालल्यासारखे दिसते.

कालवाकाठ

ही शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. याचे उत्तर पिटाच्या दोन थरांत आहे.

पेलमध्ये खणत गेल्यास वर फिकट, तपकिरी-करडे, सैल पीट लागते आणि त्याखाली काळे, घट्ट, जुने पीट लागते. काळे पीट उत्तम जळते. करडे पीट भुरुभुरु जळून जाते, त्याला चुलीत किंमत नसते. त्यामुळे पहिल्या पिढीतील खणतीत सारे लक्ष काळ्या पिटाकडे होते. परंतु करड्या पिटातील शेवाळाच्या पेशी अजून शाबूत असतात, आणि वाळल्यावर ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून घेते. यंत्रावर ते फोडून, चाळून आणि गाठोड्यांत दाबून बांधले की घोड्याखाली अंथरायला पेंढ्यापेक्षा सरस असे अंथरूण मिळते, जे मूत्र शोषते, दुर्गंधी कमी करते आणि शेवटी खत म्हणूनही वापरता येते.

त्या काळातील युरोपच्या शहरांची कल्पना करा. ट्राम घोडे ओढत होते, सैन्यात घोडदळ होते, मालवाहतूक घोड्यांवर चालत होती. म्हणजे ज्या थराला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते, त्याला आता परदेशातूनही मागणी आली. यान यांचे पुत्र योझेफ आणि एडुआर्ड यांनी ग्रींट्सव्हेन उभे केले ते मुख्यतः या अंथरणाच्या कारखान्यासाठी, आणि जागा निवडली ती आइंडहोव्हन ते व्हेन्लो या १८६६ च्या रेल्वेमार्गालगत. वडिलांचे गाव कालव्यासाठी वसले, मुलांचे गाव कालवा आणि रेल्वे जिथे जवळ येतात तिथे वसले. तुम्हाला जे उलट्या दिशेने चालणे वाटले, ते प्रत्यक्षात एका मालाकडून दुसऱ्या मालाकडे जाणे होते. पुढे मोटारी आणि विजेच्या ट्राम आल्या, घोडे कमी झाले, तसा हाही बाजार ओसरला, आणि त्याच करड्या पिटाला तिसरा ग्राहक मिळाला तो बागायतीचा, कुंड्यांच्या मातीसाठी.

विषयाला धरूनच एक प्रसंग सांगतो, कारण तो मला अत्यंत प्रिय आहे. १७ जून १९१० रोजी गेब्बेल स्मोलेनार्स नावाचा मजूर हेलेनाव्हेनच्या परिसरात पीट खणत असताना त्याच्या फावड्याला एक धातूची वस्तू लागली. ते रोमन घोडदळातील अधिकाऱ्याचे शिरस्त्राण होते, चांदीच्या पत्र्याचे आणि सोन्याचा मुलामा दिलेले. सोबत चामड्याच्या वस्तू, घोड्याला टोचण्यासाठी टाचेला बांधायची आर आणि नाणी मिळाली. नाण्यांवरून ते इसवी सन ३२० च्या सुमारास दलदलीत गेले असावे असे ठरते. आज ते लायडन येथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पिटातील आम्लामुळे आणि हवेच्या अभावामुळे चामडेसुद्धा सोळाशे वर्षे टिकले. तो स्वार तिथे बुडाला की त्याने या वस्तू मुद्दाम पाण्याला अर्पण केल्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मला नेहमी वाटते ते असे की, मजुराच्या फावड्याने त्या दिवशी जे कापले ते केवळ जळण नव्हते. थर थर करून रचला गेलेला काळ होता.

आजोळची_वही

तिसरा प्रश्न, म्हणजे तिथे राहायला कोण आले, तो मागे राहिला आहे, म्हणून लिहीत आहे. कामगारांच्या इतिहासाचे वाचन हा माझा जुना छंद आहे.

पेलच्या काठावरील शेतकऱ्यांना चुलीपुरते पीट काढता येत असे, पण सलग, ओळीने, पाण्याची पातळी सांभाळत शेकडो हेक्टर खणणे ही वेगळी विद्या होती. त्यासाठी उत्तरेकडील पीट-प्रदेशांतून आणि जर्मनीतून अनुभवी मजूर येत असत. त्यामुळेच पूर्णपणे कॅथलिक असलेल्या या मुलखात, एवढ्याशा हेलेनाव्हेनमध्ये, प्रोटेस्टंटांचीही स्वतंत्र वस्ती आणि प्रार्थनास्थान झाले. ग्रींट्सव्हेनचे कॅथलिक चर्च संत बार्बाराच्या नावाने आहे, आणि बार्बारा ही खाणकामगारांची रक्षक मानली जाते. जमिनीच्या वरच राबणाऱ्या या माणसांनी आपली गणना खाणकामगारांत करावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

कामाचे स्वरूप असे होते. वसंतात थंडी सरली की खणती सुरू होई आणि उन्हाळ्याच्या मध्यावर ती थांबवावी लागे, कारण ओली वीट वाळण्यापूर्वी गोठली तर तिचा भुगा होतो. म्हणजे पुरुषांची भरपूर मजुरीची मुदत वर्षातून जेमतेम तीन-चार महिन्यांची. एक जण धारदार फावड्याने वीट कापे, दुसरा ती उचलून रचे, तिसरा एकचाकी ढकलगाडीने वाळवणीच्या मैदानावर नेई. काम उक्ते असे, जितक्या विटा तितके पैसे, म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पाठ सरळ होत नसे. वाळवणीचे काम बायका आणि मुलांकडे असे: विटा उलटणे, मग वारा खेळेल अशा पोकळ राशी रचणे, मग त्या पुन्हा मोडून आतल्या विटा बाहेर घेऊन रचणे. या कामाशिवाय एकही वीट बाजारात जाऊ शकत नसे, तरी ‘पीट-मजूर’ म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच येतो.

सर्वांत मोठी पिळवणूक दुकानातून होत असे. अनेक पीट-प्रदेशांत मालकाचे किंवा त्याच्या मुकादमाचे दुकान असे आणि मजुराने सामान तिथूनच घ्यावे, अशी उघड किंवा छुपी सक्ती असे. हिवाळ्यात काम नाही, म्हणून उधारी; वसंतात मजुरी सुरू झाली की ती आधी उधारीत वळती. मजुराच्या हातात रोख पैसा आलाच तर तो थोडकाच. विशेषतः फ्रीसलंड आणि द्रेंथमध्ये याविरुद्ध असंतोष इतका वाढला की १८८८ मध्ये तिथे मोठे संप झाले, आणि त्याच वर्षी पीट-मजुरांची वस्ती असलेल्या स्खोतरलंड मतदारसंघातून दोमेला निउवेनह्यूस निवडून आले. डच संसदेत बसलेले ते पहिले समाजवादी. दुकानाची सक्ती कायद्याने बंद झाली ती १९०७ च्या श्रमकरार कायद्याने. मातीच्या पापुद्र्यांची घरे, ज्यांत भिंतीतून पाणी झिरपत असे, ती १९०१ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर हळूहळू हटली.

हेलेनाव्हेन आणि ग्रींट्सव्हेन येथे मालकांनी बांधलेली विटांची घरे होती आणि उत्तरेतील सर्वांत वाईट हालांशी तेथील परिस्थितीची सरसकट बरोबरी करणे योग्य होणार नाही. तरीही घर मालकाचे, काम मालकाचे, कालवाही मालकाचा, अशा गावात नोकरी जाणे म्हणजे छप्पर जाणे होते. वसुधाताईंनी उत्तरेतील वारसाहक्काच्या खंडाचा उल्लेख केला, तो यासाठी फार महत्त्वाचा आहे. ज्याच्या नावावर खंडाने का होईना जमीन होती तो शेतकरी झाला. ज्याच्या हाती फक्त फावडे होते तो पुढच्या खणतीकडे निघून गेला. गाव टिकले असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातून निघून गेलेली ही कुटुंबे आपल्या हिशेबात येत नाहीत.

वसुधा

हे वाचून माझ्या आधीच्या विधानात दुरुस्ती करावीशी वाटते. ‘मागे शेत ठेवले गेले’ असे मी लिहिले, पण ते शेत कोणाला मिळाले, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. उत्तरेतही पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळशाची आयात घटल्यामुळे पिटाला काही वर्षे चढा भाव आला, नवे मजूर आले, आणि युद्ध संपताच बाजार कोसळून आग्नेय द्रेंथमध्ये १९२० च्या दशकात भीषण बेकारी पसरली. तिथे शेतजमीन तयार होती, पण ती एवढ्या माणसांना पुरणारी नव्हती.

नकाशावेडा

माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, आणि प्रश्नच किती अपुरे होते हेही कळले. शेवटचे एक विचारतो: हेलेनाव्हेनच्या दोन्ही बाजूंना नकाशावर हिरव्या रंगाचे मोठे राखीव क्षेत्र दाखवले आहे. ते न खणलेले पीट आहे का?

रानवाट

नाही, पूर्णपणे न खणलेले असे तिथे जवळजवळ काहीच उरलेले नाही. पश्चिमेकडील ड्यूर्नसे पेल आणि पूर्वेकडील मारियापेल ही दोन्ही क्षेत्रे म्हणजे खणती अर्धवट सुटलेली, चाऱ्या आणि खड्ड्यांनी विदीर्ण झालेली दलदल आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खणती थांबली आणि ही जमीन निसर्गसंवर्धनासाठी राखली गेली. आज तिला युरोपीय संरक्षणही आहे.

तिथले काम व्हान द ग्रींट यांच्या कामाच्या नेमके उलट आहे. त्यांनी पाणी बाहेर काढण्यासाठी चाऱ्या खणल्या. आता त्याच चाऱ्यांत बांध घालून पावसाचे पाणी आत अडवले जाते, कारण पाण्याची पातळी स्थिर राहिली तरच स्फॅग्नम पुन्हा रुजते. काही जुन्या खड्ड्यांत ते रुजलेही आहे. पण कोरड्या पडलेल्या भागांत उंच गवत आणि बर्चची झाडे माजतात, आणि परिसरातील दाट पशुपालनातून हवेत जाणारा नायट्रोजन या गवतालाच खत पुरवतो, शेवाळाला मारतो. ज्या मुलखात एके काळी खतासाठी माणसे तळमळत होती, तिथे आता खताचा अतिरेक हाच दलदलीचा शत्रू झाला आहे.

कोरड्या पिटाचा आणखी एक धोका २० एप्रिल २०२० रोजी दिसला. ड्यूर्नसे पेलमध्ये वणवा लागला, ७०० हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि ग्रींट्सव्हेनच्या रहिवाशांना रातोरात घरे सोडावी लागली. ज्वाळा काही दिवसांत आटोक्यात आल्या, पण खालचे पीट पुढे कित्येक आठवडे धुमसत राहिले, आणि अग्निशमन दलाला जमीन उकरून एकेक धग शोधत विझवावी लागली. त्यानंतर बांध घालून पाणी अडवण्याच्या कामाला तिथल्या रहिवाशांचाही पाठिंबा वाढावा, अशी अपेक्षा होती. मात्र पाणी चढले की लगतच्या शेतांत ओल येते, म्हणून कोणत्या चारीत किती पाणी ठेवायचे, यावर शेतकरी आणि संवर्धन करणारे यांची बोलणी अजूनही चालू आहेत.